दोन तृतीयांश व्हायला हवे होते: झुरिकजवळच्या कोठारातल्या उंदरांचं प्रकरण

घरउंदरांच्या काही वंशांत १७व्या गुणसूत्राचा एक मोठा तुकडा लबाड असतो. त्याला टी हॅप्लोटाइप म्हणतात. इथे नुसतं ‘टी’ म्हणू. गुणसूत्राचा जवळपास तिसरा हिस्सा त्याने व्यापलेला असतो आणि त्यात चार ठिकाणी जनुकांचा क्रम उलटा झालेला असतो. या उलटापालटीमुळे जोडीच्या गुणसूत्राशी त्याची देवाणघेवाण जवळजवळ होत नाही. तो अख्खाच्या अख्खा पुढच्या पिढीत उतरतो. मेंडेलच्या नियमाने बापाच्या जोडीतल्या दोन गुणसूत्रांपैकी कोणतंही एक पिल्लाला मिळण्याची शक्यता निम्मी-निम्मी असते. टी बाळगणाऱ्या नराच्या बाबतीत मात्र ९० टक्क्यांपर्यंत पिल्लांना टीच मिळतो. मादीकडून तो सरळपणे निम्म्या पिल्लांत जातो. या लबाडीची किंमतही मोठी आहे. आई आणि बाप दोघांकडून टी आला, तर गर्भ पोटातच मरतो.

एवढ्या माहितीवर गणित मांडता येतं, आणि ब्रुक यांनी १९५७ साली ते मांडलं. नराकडून ९० टक्के, मादीकडून ५० टक्के आणि दुहेरी टी म्हणजे मृत्यू, या तीन गोष्टी धरल्या तर काही पिढ्यांनंतर तराजू एका जागी स्थिर होतो: प्रौढ उंदरांपैकी दोन तृतीयांश उंदीर एक-एक टी बाळगणारे असायला हवेत. पण जिथे जिथे रानातले, शेतातले, गोदामातले उंदीर पकडून तपासले, तिथे हे प्रमाण याच्या खूप खाली निघालं. १९६० साली लेवॉन्टिन आणि डन यांनी त्यावर एक उत्तर सुचवलं. उंदीर लहान लहान कुटुंबगटांत राहतात, आणि लहान गटांत निव्वळ नशिबाने एखादा जनुक नाहीसा होऊ शकतो. उत्तर डौलदार होतं, पण प्रत्यक्ष उंदरांच्या रोजच्या वागण्यावर ते तपासून पाहायला कोणाकडे तशी नोंदच नव्हती.

ती नोंद पुढे एका स्विस कोठारात झाली. टीसारखा तुकडा एका जित्याजागत्या वस्तीत वर्षानुवर्षं कमी होत गेला आणि त्याचं कारण गुणसूत्रात न सापडता माद्यांच्या वागण्यात सापडलं, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिण्याजोगं वाटतं.

कोठारात काय मोजतात

झुरिक शहराबाहेर इल्नाऊजवळ शेतीच्या कामासाठी बांधलेली ७२ चौरस मीटरची एक इमारत आहे. झुरिक विद्यापीठातल्या बार्बरा क्योनिग यांच्या गटाने २००२ साली तिथे १२ घरउंदीर सोडले. हे उंदीर त्याच भागातून पकडलेले होते, प्रयोगशाळेत पैदास केलेले पांढरे उंदीर नव्हेत. आत ४० घरटी-पेट्या ठेवल्या. खायला ओट आणि पाळीव हॅमस्टरांचं तयार खाद्य, प्यायला पाणी, घरटं करायला पेंढा, सगळं भरपूर. इमारतीचे चार भाग बुटक्या आडभिंतींनी पाडलेले आहेत, पण उंदरांना त्या ओलांडायला काहीच अडचण नाही. बाहेरच्या भिंतींतल्या फटीही उंदीर जाऊ-येऊ शकेल एवढ्याच ठेवल्या आहेत. मांजर, कोल्हा, घुबड यांना आत येता येत नाही.

उंदीर बाहेर जाऊ शकतात, ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी. तिचं महत्त्व पुढे कळेल.

उंदीर साधारण १८ ग्रॅमचा झाला की त्याच्या मानेजवळच्या कातडीखाली जेमतेम सेंटिमीटरभर लांबीची चिप घालतात. प्रत्येक पेटीला आत शिरायची एक नळी असते आणि नळीवर दोन अँटेना. कोणती अँटेना आधी वाजली यावरून उंदीर आत गेला की बाहेर आला हे कळतं. त्यामुळे कोण कोणत्या पेटीत, कोणाबरोबर, किती वेळ होतं, याची नोंद रात्रंदिवस आपोआप होत राहते. माणूस तिथे बसून पाहत नाही. अंधारात वावरणाऱ्या आणि पावलाचा आवाज आला की दडणाऱ्या प्राण्याच्या अभ्यासात याचा फायदा किती मोठा आहे, हे वेगळं सांगायला नको. शिवाय साधारण सात आठवड्यांनी सगळे उंदीर पकडून त्यांचं वजन, लिंग आणि चिप तपासतात.

पण या प्रकरणाचा कणा अँटेना नाहीत. कणा आहे तो पिल्लांच्या कानाचा बारीकसा तुकडा. पेट्या ठरावीक अंतराने उघडून पाहतात आणि पिल्लं साधारण १३ दिवसांची, म्हणजे डोळे उघडायच्या बेतात असताना, त्यांचा ऊतीचा नमुना घेतात. त्यावरून २५ ठिकाणचे जनुकीय खुणांचे क्रम वाचले जातात आणि वस्तीतल्या सर्व प्रौढांशी ताडून आई-बाप ठरवले जातात. त्याच नमुन्यातून पिल्लाकडे टी आहे की नाही हेही समजतं.

हे डीएनए इतकं गरजेचं का? कारण घरउंदरांच्या बाबतीत डोळ्यांना दिसणारं कुटुंब फसवं असतं. दोन-तीन माद्या अनेकदा एकाच घरट्यात वितात, पिल्लांचा एकच ढीग होतो आणि प्रत्येक आई समोर येईल त्याला पाजते. स्वतःचं-परक्याचं असा भेद तिला करता येत नाही. त्यामुळे कोण कोणाला पाजतंय यावरून आई ठरत नाही. पेटीत झोपलेला नर बाप असेलच असंही नाही. जुन्या अभ्यासांत एका घरट्यातली पिल्लं म्हणजे एक वेत आणि त्या जागेवर हक्क सांगणारा नर म्हणजे बाप, असं सर्रास धरलं जात असे. माझ्या मते टीचं कोडं इतकी दशकं सुटलं नाही त्याचं अर्धं कारण या गृहीतकात आहे.

नोंदीत एक उणीव राहतेच. नमुना घेण्याच्या वयाआधी मेलेली पिल्लं बरीचशी हिशेबाबाहेर जातात. उंदरांत नर आणि माद्या दोघंही नवजात पिल्लं मारतात, आणि मारलेलं पिल्लू बहुतेकदा खाल्लंही जातं. पोटातच मेलेले दुहेरी टीचे गर्भ तर पेटीत दिसण्याचा प्रश्नच नाही. ते कळतात फक्त वेत लहान झाल्यावरून. आणि सामायिक घरट्यात एकेका आईचं वेत किती मोठं होतं हेही नजरेने सांगता येत नाही. म्हणून काही गोष्टींसाठी याच वस्तीच्या उंदरांची संतती प्रयोगशाळेत वाढवून वेगळे संकर करावे लागले.

त्यातून निघालेला एक आकडा इथेच देतो. टी बाळगणारी मादी आणि टी बाळगणारा नर यांचा संकर केला, तर कागदावर ०.५ गुणिले ०.९ म्हणजे ४५ टक्के गर्भ दुहेरी टीचे निघून मरायला हवेत. अ‍ॅना लिंडहोम आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संकरांत जन्माच्या वेळचं वेत ४० टक्क्यांनी लहान निघालं. गर्भ राहण्यात किंवा गर्भांच्या संख्येत काही कमी नव्हतं. नुकसान सगळं त्यानंतरचं. १९ ते २० दिवसांची गर्भावस्था, त्यातला सगळा खर्च आणि हाती साठेक टक्केच पिल्लं. मादीसाठी चुकीचा जोडीदार याहून महाग क्वचितच पडत असेल.

टी घटत गेला

कोठारात सोडलेल्या वंशात टी होता. गणिताप्रमाणे तो वाढून दोन तृतीयांशाकडे जायला हवा होता. आंद्री मान्सर, लिंडहोम, क्योनिग आणि सहकाऱ्यांनी २०११ साली साडेपाच वर्षांच्या नोंदी मांडल्या, तेव्हा दिसलं ते नेमकं उलट. टीचं प्रमाण स्पष्टपणे घसरत होतं, आणि लबाड वारसा व गर्भातले मृत्यू दोन्ही जमेस धरूनही ती घसरण समजत नव्हती.

पहिली शंका साहजिकच आरोग्याची. टी बाळगणारे उंदीर दुबळे असतील, लवकर मरत असतील. नोंदी तपासल्या तर टी बाळगणाऱ्या माद्या साध्या माद्यांपेक्षा जास्त जगत होत्या. म्हणजे ही बाजू टीला तोट्याची नव्हती, फायद्याची होती, आणि कोडं आणखी अवघड झालं. या दीर्घायुष्याशी स्वभावाचा धागा जुळतो असं पुढच्या एका कामात दिसलं. त्या माद्या कमी धडपड्या, जास्त सावध होत्या. तो विषय रंजक आहे, पण या प्रकरणात तो आडवाटेला जातो.

दुसरी शंका लेवॉन्टिन आणि डन यांची जुनी: वस्ती लहान तुकड्यांत विभागलेली असेल आणि त्यात टी नशिबाने हरवत असेल. तिसरी, जवळच्या नात्यांतल्या संकरामुळे दुहेरी टीचे गर्भ अपेक्षेहून जास्त होत असतील. दोन्ही तपासल्या आणि दोन्ही बाद झाल्या. उरलेल्या शक्यतांपैकी एक म्हणजे माद्यांचं अनेक नरांशी समागम करणं. तिची चाचणी त्या वेळी संगणकी प्रतिरूपावर झाली: बहुनर समागम धरला की घसरण जुळते, न धरला तर जुळत नाही.

इथे थांबलं असतं तर मी हे प्रकरण अर्धवट म्हटलं असतं. ‘जुळू शकतं’ आणि ‘तसंच घडलं’ यांत बरंच अंतर असतं. प्रतिरूपात एखादी गोष्ट घातल्यावर आकडे जुळले, याचा अर्थ दुसरी कुठली गोष्ट घालून ते जुळले नसते असा होत नाही.

एकाच वेताचे दोन बाप

टीची लबाडी कशी चालते हे समजल्याशिवाय पुढचं कळत नाही. नराच्या वृषणात शुक्राणू तयार होत असताना ते आपसांत बारीक पुलांनी जोडलेले असतात आणि प्रथिनं एकाकडून दुसऱ्याकडे वाहतात. टी तुकड्यावरचे काही जनुक असे पदार्थ बनवतात की ज्यांनी सगळ्याच शुक्राणूंच्या पोहण्यात बिघाड होतो. त्याच तुकड्यावरचा आणखी एक जनुक उतारा बनवतो, पण तो उतारा पुलावरून पलीकडे जात नाही, ज्या शुक्राणूत टी आहे त्याच्यातच राहतो. विष सगळ्यांना, औषध फक्त आपल्या माणसाला. परिणामी टी नसलेले निम्मे शुक्राणू लंगडे होतात आणि शर्यत टी असलेले जिंकतात.

नर एकटाच असेल तर त्याला याने काही फरक पडत नाही. फलित व्हायची अंडी मोजकी, शुक्राणू लाखोंनी. निम्मे निकामी झाले तरी उरलेले पुरेसे असतात. म्हणूनच प्रयोगशाळेत टी नराच्या प्रजननक्षमतेत कमतरता दिसत नाही. मात्र त्याच रात्री मादी आणखी एका साध्या नराशी जुगली, तर मैदानात त्याचे निम्मे शुक्राणू आणि समोर प्रतिस्पर्ध्याचे पूर्ण. निव्वळ संख्येचा हिशेब केला तर टी नराला वेताचा एक तृतीयांश वाटा मिळायला हवा.

प्रत्यक्षात तेवढाही मिळत नाही. आंद्रेआस सुटर आणि लिंडहोम यांचं २०१५ मधलं काम आणि मान्सर व सहकाऱ्यांचं २०१७ मधलं काम एकत्र पाहिलं, तर साध्या नराशी स्पर्धा असताना टी नराला पितृत्वाचा वाटा मिळतो ११ ते २४ टक्के. म्हणजे बचावलेले शुक्राणूही पूर्ण धडधाकट नसावेत.

आता हे आकडे वारशाच्या भाषेत मांडू. दोन साधे नर बरोबरीने लढले तर प्रत्येकाला निम्मं वेत मिळतं आणि त्यातल्या प्रत्येकाचं एखादं ठरावीक गुणसूत्र निम्म्या पिल्लांत जातं, म्हणजे एकूण वेताच्या २५ टक्क्यांत. टी नराला स्पर्धेत २४ टक्के वाटा मिळाला असं सर्वांत उदारपणे धरलं आणि त्याच्या ९० टक्के पिल्लांत टी गेला, तरी एकूण वेताच्या साडेएकवीस टक्क्यांच्या आसपासच टी पोचतो. वाटा ११ टक्के असेल तर दहा टक्क्यांपेक्षाही कमी. थोडक्यात, एकट्याच्या समागमात टीला ५० ऐवजी ९० मिळतात, पण स्पर्धेत लबाडी करूनही तो सरळमार्गी जनुकाच्या मागे पडतो. टीचं भवितव्य मग एकाच प्रश्नावर येतं: माद्या किती वेळा एकापेक्षा जास्त नरांशी जुगतात?

त्याचं उत्तर २०२० साली मान्सर आणि सहकाऱ्यांनी साडेचार वर्षांच्या नोंदींतून दिलं. कोठारातल्या ६८२ वेतांचे बाप तपासले. त्यांतल्या ४७ टक्के वेतांना एकाहून जास्त बाप होते. या मिश्र वेतांत टी नर खरोखरच पिछाडीला होते, त्यांचं एकूण प्रजननयश त्यामुळे घटलेलं होतं आणि त्याच काळात टीचं प्रमाण कमी झालं होतं. प्रतिरूपात घातलेली गोष्ट आता कानाच्या तुकड्यांतून मोजलेली होती.

४७ टक्के हा आकडा मोठा आहे. २००६ साली आलेल्या एका अभ्यासात रानटी घरउंदरांच्या सुमारे २३ टक्के वेतांत एकाहून जास्त बाप आढळले होते. पण माझ्या मते ४७ हाही कमीत कमी आकडा आहे, आणि त्याचं कारण या प्रकरणाच्या गाभ्याशीच आहे. मादी दोन नरांशी जुगली आणि सगळी पिल्लं एकाच्याच वाट्याला गेली, तर डीएनएला तिथे एकच बाप दिसतो. हे कधी जास्त घडेल? स्पर्धक टी नर असेल तेव्हा. सात पिल्लांच्या वेतात ज्याला दहा-वीस टक्के वाटा मिळायचा, त्याला शून्य पिल्लं मिळण्याची पाळी वारंवार येणार. म्हणजे टी नर ज्या शर्यती पूर्णपणे हरतो त्या शर्यती नोंदीत शर्यत म्हणून दिसतच नाहीत. बापांच्या संख्येवरून समागमांची संख्या ठरवणाऱ्या प्रत्येक क्षेत्र-अभ्यासात ही मेख असते. इथे ती निष्कर्षाच्या विरोधात जात नाही, पण परिणामाचा आकार कमी दाखवते.

माद्या टी नराला ओळखून टाळतात का, हाही प्रश्न तपासला गेला आहे. २०१३ च्या त्याच कामात टी बाळगणाऱ्या माद्यांची पिल्लं साध्या नरांची असण्याची शक्यता साध्या माद्यांपेक्षा जास्त होती. तुकड्याला लागूनच रोगप्रतिकारशक्तीचे असे जनुक आहेत ज्यांच्यावरून टी ओळखता येणं शक्य आहे. परंतु कल हलका होता. इतका मोठा तोटा समोर असूनही निवड एवढी सौम्य, हे लेखकांनाही लक्षवेधी वाटलं. मला यातून असं दिसतं की मादीला टी नर ओळखायची गरजच फारशी पडत नाही. ती दोघांशी जुगते आणि निवाडा शुक्राणूंवर सोडते.

एकच कोठार, एकच इतिहास

या सगळ्यावर घेता येण्यासारखा सरळ आक्षेप म्हणजे कोठार एकच आहे. एका वस्तीत टी घटला हा योगायोग असू शकतो. दुसरं कोठार नाही, तुलनेला बाजूला ठेवलेली वस्ती नाही. क्षेत्र-संशोधनाची ही नेहमीची गळचेपी.

त्यावरचं उत्तर भलत्याच दिशेने आलं. रानटी उंदरांच्या आठ प्रायोगिक वंशरेषा वीस पिढ्या चालवलेल्या होत्या. त्यांतल्या काहींत प्रत्येक मादीला एकच नर, काहींत अनेक. तो प्रयोग टीसाठी आखलेलाच नव्हता. शुक्राणूंची स्पर्धा पिढ्यांगणिक कशी बदलते एवढंच पाहायचं होतं. नंतर तपासताना लक्षात आलं की या उंदरांत टी दडलेला आहे. एकच नर मिळणाऱ्या रेषांत तो वरच्या पातळीवर टिकून राहिला होता, अनेक नर मिळणाऱ्या रेषांत तो लक्षणीय घटला होता. अशी अनाहूत साक्ष मला ठरवून घेतलेल्या साक्षीपेक्षा जास्त वजनाची वाटते, कारण प्रयोग चालवणाऱ्यांच्या मनात टी नव्हताच.

निघून जाणारी पिल्लं

२०१८ साली यान-निकलास रुंगे आणि लिंडहोम यांनी याच कोठाराच्या नोंदी दुसऱ्या बाजूने तपासल्या. टी बाळगणारी कोवळी पिल्लं कोठार सोडून जाण्याची शक्यता साध्या पिल्लांपेक्षा जास्त होती, आणि कोठाराच्या आतही एका भागातून दुसऱ्या भागात गेलेल्यांत त्यांचं प्रमाण जास्त होतं. अर्थ लावायला सोपा आहे. दाट वस्तीत माद्या अनेक नरांशी जुगणार, तिथे टी हरणार; विरळ, नव्या वस्तीत नर एकटा असण्याची शक्यता जास्त, तिथे टी जिंकणार. म्हणजे पाय लावून पळणारा टी टिकतो.

आता मघाची फट आठवा. कोठारातून उंदीर बाहेर जाऊ शकतात. टी बाळगणारे जास्त संख्येने बाहेर जात असतील, तर कोठारात टीचं प्रमाण तेवढ्यापुरतं तसंही घटणार, शुक्राणूंची शर्यत असो वा नसो. मग घसरणीतला किती भाग शर्यतीचा आणि किती देशांतराचा? दोन्ही गोष्टी एकाच दिशेला ढकलतात, त्यामुळे प्रमाणाच्या उतरत्या रेषेवरून त्या वेगळ्या काढता येत नाहीत. इथे वेतांची नोंद कामी येते: मिश्र वेतातला टी नराचा कमी वाटा हा बाहेर जाण्या-न जाण्याने बदलत नाही, तो जन्मलेल्या पिल्लांत मोजला जातो. म्हणून यंत्रणा शर्यतीची आहे हे पक्कं धरायला हरकत नाही. पण सगळी घसरण एकट्या तिच्याच खात्यावर टाकणं मला घाईचं वाटतं.

बाहेर गेलेल्यांची मोजणी मुळातच अवघड असते, हेही इथे सांगायला हवं. तेराव्या दिवशी नमुना घेतलेलं पिल्लू नंतर पकडीत सापडलं नाही, तर ते गेलं की मेलं? मेलेले उंदीर शोधून त्यांची ओळख पटवली जाते, तरी प्रत्येक प्रेत सापडत नाही. उंदीर कुठे गेला आणि तिथे त्याला पिल्लं झाली का, हे सांगायला पलीकडेही अँटेना हव्यात.

हे रान म्हणायचं का

खाणं अमर्याद, शिकारी नाहीत, घरट्यांना तयार पेट्या. अशा जागी वस्ती दाट होते आणि दाट वस्तीत मादीला रात्रभरात अनेक नर भेटतात. म्हणून ४७ टक्के हा आकडा उचलून शेताच्या बांधावरच्या उंदरांना लावता येणार नाही. दुसरीकडे, घरउंदीर हजारो वर्षं माणसाच्या धान्याजवळच राहत आला आहे. भरलेलं कोठार हे त्याच्यासाठी परकं ठिकाण नव्हे. प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यापेक्षा हे कितीतरी जास्त खरं आहे.

तरी संशोधकांच्या सततच्या वावराचाही परिणाम होतोच. माडलेन गायगर आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये याच वस्तीबद्दल दाखवलं की काही वर्षांत अंगावर पांढरे ठिपके असलेल्या उंदरांचं प्रमाण वाढलं आणि डोक्याची लांबी घटली. पाळीव प्राण्यांत जे बदल दिसतात तसलेच हे, आणि इथे कोणीही निवडून पैदास केलेली नव्हती. माणसांना न घाबरणारे उंदीर तिथे जास्त टिकले असावेत. ज्या वस्तीचं वागणं मोजायचं तीच मोजणाऱ्यांमुळे सावकाश बदलत असेल, तर सुरुवातीच्या आणि शेवटच्या वर्षांची तुलना करताना ते ध्यानात ठेवावं लागतं.

बेटांवर पुढे काय

हे सगळं आता फक्त कुतूहलाचं राहिलेलं नाही. जहाजांतून बेटांवर पोचलेले उंदीर तिथल्या पक्ष्यांचं फार नुकसान करतात. दक्षिण अटलांटिकमधल्या गॉफ बेटावर ते अल्बट्रॉसची पिल्लं घरट्यातच कुरतडून मारतात. २०२१ साली तिथे विषारी आमिष टाकून उंदरांचा नायनाट करायचा मोठा प्रयत्न झाला आणि त्याच वर्षाच्या शेवटी जिवंत उंदीर पुन्हा दिसला. विषाला पर्याय म्हणून अ‍ॅडलेड विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये टीचाच उपयोग करायची पद्धत मांडली. टी तुकड्यावर जनुक कापणारी यंत्रणा बसवायची, ती मादीच्या प्रजननाला लागणारा एक जनुक मोडेल आणि टीच्या लबाड वारशामुळे हे मोडतोडीचं काम पिढ्यांतून पसरत जाईल.

कोठारातल्या नोंदी या योजनेला थेट भिडतात. योजना टीच्या ९० टक्क्यांवर उभी आहे, आणि तो आकडा नर एकटा असतानाचा आहे. बेटावरच्या माद्या एकाच वेतात दोन-तीन बाप आणत असतील तर तो भरवसा पातळ होतो. एक गुंताही आहे, जो माझ्या अंदाजाने सर्वांत महत्त्वाचा ठरेल. योजना चालली की उंदरांची संख्या घटणार, वस्ती विरळ होणार, मादीला एका रात्रीत भेटणारे नर कमी होणार. म्हणजे टी पसरायला जास्त अनुकूल परिस्थिती मिळत जाणार. याउलट, सुरुवातीला गच्च भरलेल्या बेटावर मूठभर बदललेले नर सोडले तर ते पहिल्या काही पिढ्यांतच शर्यत हरून संपू शकतात. तेव्हा सोडायचे तर हंगामाच्या अखेरीस, थंडीने वस्ती आधीच रोडावलेली असताना सोडावेत, असं तर्क सांगतो. मात्र विरळ वस्तीत बहुबाप वेतांचं प्रमाण खरोखर किती उतरतं, हे त्या त्या बेटावर गाभण माद्या पकडून, गर्भांचं डीएनए तपासून आधी मोजावं लागेल. घरट्यातली पिल्लं पुरणार नाहीत. गर्भ तपासले तरच पोटात मरणारे दुहेरी टीही मोजणीत येतील.